आवाज थांबला की उठायचं

भाड्याची जागा बघायला गेलं की घरमालक काय काय विचारतात, ते मला तोंडपाठ आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी केलेल्या कुठल्याही बाईला असतंच. नवरा कुठे असतो, पाहुणे किती येतात, मासळी रोज लागते का, पाणी जपून वापरता ना. खेडच्या या घरमालकांनी यातलं एक अक्षर विचारलं नाही. पडवीतल्या आरामखुर्चीतून त्यांनी आधी मला आणि मग माझं बोट धरून उभ्या असलेल्या ओवीला नीट निरखलं आणि म्हणाले, "झोपेत आवाज कोण करतं?"

मनात म्हटलं, झालं, ही जागा हातची गेली. ओवी तेव्हा सहा वर्षांची होती. अंगावर मूठभर मांस नव्हतं, पण घोरायची मात्र पहिलवानासारखी. खोटं बोलायचं अगदी ओठांवर आलं होतं. पण नेमकी तीच तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत होती, म्हणून म्हणाले, "ही घोरते थोडी. झोप गाढ आहे तिची."

"मग काय हरकत नाय," ते म्हणाले. "सामान कदी आणताय?"

जांभ्या दगडाचं कौलारू घर होतं. मधोमध फळ्यांची भिंत घालून त्याचे दोन भाग केलेले. एका भागात ते एकटे, दुसऱ्यात आम्ही मायलेकी. फळ्या छपरापर्यंत पोचत नव्हत्या, वर हातभर जागा मोकळी होती. त्यामुळे मी इकडे फोडणी दिली की त्यांना तिकडे ठसका लागायचा. माझा नवरा मुंबईला. महिन्या-दोन महिन्यांनी दोन दिवस यायचा, बाकी रोज रात्री फोन. जेवलात का, झोपली का, ठेवू का. फोन ठेवल्यावर घरात जी शांतता व्हायची ती मला खायला उठायची, हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही. आणि फळ्यांच्या पलीकडे आणखी एका माणसालाही ती तशीच खायला उठते, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

पोफळीच्या वीजघरात त्यांची सगळी नोकरी गेली होती. ऑपरेटर होते. डोंगराच्या पोटात काम, तिथे दिवस काय आणि रात्र काय. सगळं आयुष्य मशीनच्या घरघरीत काढल्यामुळे त्यांना शांततेत झोप लागत नसे. थंडीच्या दिवसांतही उशाशी एक जुना टेबलफॅन चालू असायचा. त्याचं तोंड भिंतीकडे फिरवलेलं. वारा नको होता, खडखड हवी होती. बायको कॉलनीत असतानाच गेली. मुलगा पुण्यात होता, गणपतीला यायचा आणि विसर्जन झालं की निघायचा.

त्यांच्याकडे एक लाकडी दांडा होता. हातभर लांब, काळा, वापरून गुळगुळीत झालेला. त्याचं एक टोक मशीनवर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं आणि आत बेअरिंग कसं फिरतंय ते ऐकायचं. वीजघरातून निवृत्त होताना लोक शाल-श्रीफळ घेऊन येतात, हे दांडा घेऊन आले. माझा मिक्सर, आमचा फ्रिज, गल्लीत उभी असलेली रिक्षा, सगळ्याला ते दांडा लावून बघत. शेजाऱ्यांच्या विहिरीवरच्या पंपाला एकदा लावला आणि सांगितलं, "आठ दिवस चालंल." नवव्या दिवशी पंप जळाला. शेजाऱ्यांनी काय करावं? यांचीच दृष्ट लागली म्हणून त्यांना विहिरीकडे यायला बंदी केली. दूधवाल्याला त्यांनी सांगितलं की तुझ्या छातीत शिट्टी वाजते, तपासून घे. तो दुसऱ्या दिवसापासून दूध फाटकालाच अडकवून जाऊ लागला. आपले आवाज दुसऱ्या कोणी ऐकलेले माणसांना आवडत नाहीत. त्यामुळे त्यांच्या पडवीत बसायला फारसं कोणी येत नसे.

सकाळी मी शाळेला निघाले की ते पडवीत उठून उभे राहायचे आणि म्हणायचे, "चार्ज घेतला." संध्याकाळी मी फाटक उघडलं की, "चार्ज दिला." आणि त्यासोबत दिवसभराचा अहवाल. पाणी किती वाजता आलं, लाईट किती मिनिटं गेली, मांजर कुठून घुसलं. सुरुवातीला मी हसून मान हलवायचे. मग एके दिवशी कळलं की मी उशिरा आले तर ते चहाही प्यायला आत जात नाहीत. मी रागावले तेव्हा म्हणाले, "रिलीव्हर आल्याबिगर खुर्ची सोडायची नाय, बाई. ह्यो पहिला नियम. बाकीचे सगळे नियम त्याच्या मागनं."

एकदा म्हणे पुरात बस अडकून पुढच्या पाळीचा रिलीव्हर आला नाही, तर हे सलग तीन पाळ्या खुर्चीत बसून राहिले. त्याच दिवशी घरी मुलाचं बारसं होतं. "पोराचं नाव काय ठेवलंनी, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं," असं ते हसत हसत सांगायचे. त्यांचा मुलगा हीच गोष्ट हसत सांगत नाही, हे मला पुढे कळलं.

आता ओवीचं. ती माझ्याच शाळेत, माझ्याच वर्गात होती, आणि शिक्षिकेच्या मुलीने कसं असावं त्याच्या बरोबर उलट होती. सकाळी उठवताना रोज रडारड. डोकं दुखतं म्हणायची. वर्गात एक तर पेंगायची, नाही तर सारखी चुळबुळ करून शेजारच्या मुलीला ढोसायची. बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं होतं. झोपायची तीही कशी, मान मागे टाकून, उशीच्या पलीकडे डोकं लोंबकळत, घामाने केस ओले. मी जंताचं औषध दिलं, च्यवनप्राश दिला, सासूबाईंनी दृष्ट काढली. जवळचे डॉक्टर म्हणाले, सर्दीची प्रकृती आहे, मोठी झाली की जाईल. सासूबाई म्हणाल्या, बापावर गेली आहे, तोही असाच घोरतो. आणि मी काय केलं? मी तिला वर्गात उभं केलं. पेंगली की उभं. इतर मुलांना शिस्त लागावी म्हणून माझ्या मुलीला जरा जास्तच वेळ. उभ्या उभ्या तिचे डोळे मिटायचे आणि मुलं हसायची. हे लिहिताना आजही माझा मला राग येतो.

गणपती होऊन गेले होते. एका सकाळी "चार्ज घेतला" म्हणायच्या ऐवजी ते म्हणाले, "बाई, तुमच्या बायचं, ओवीचं मशीन मदीच थांबतंय."

"म्हणजे?"

"घोरता घोरता आवाज बंद होतो. मग हिसका दिऊन सुरू. रातीतनं लय वेळा. माझा फॅन महिनाभर बंदच हाय, मी ऐकतोय."

मला कळलं ते एवढंच, की हा माणूस रात्री जागून माझ्या घरातलं ऐकतो. मग वाटलं, सरळ घोरण्याचा त्रास होतो असं सांगायचं धाडस नाही, म्हणून आडून बोलतोय. मी म्हणाले, "तुम्हाला त्रास होत असेल तर आम्ही दुसरी जागा बघू."

"तरास न्हवं ओ..." ते म्हणाले, पण मी फाटकाबाहेर पडले होते.

त्या संध्याकाळी मी ओवीचं अंथरूण फळ्यांपासून दूर, स्वयंपाकघरात नेलं. वरच्या मोकळ्या जागेत जुन्या गोधड्या कोंबल्या. आठ दिवस त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. ते मात्र रोज चार्ज देत होते आणि घेत होते, माझ्या पाठीकडे बघून.

रविवारी दुपारी त्यांनी कडी वाजवली. हातात वही होती. नोकरीत दर तासाला मशीनची नोंद ठेवायची सवय, त्यामुळे अशा वह्या त्यांच्याकडे ढीगभर होत्या. पावसाच्या, लाईटच्या, पंपांच्या. ही माझ्या मुलीची होती. पट्टीने आखलेले रकाने. वेळ. थांबली. सेकंद. शेरा. अकरा चाळीस, थांबली, बारा, हिसका देऊन सुरू. अकरा बावन्न, थांबली, नऊ, कूस बदलली. पानंच्या पानं तशी. शेवटच्या पानावर मी गोधड्या कोंबल्या त्या दिवसाची तारीख होती आणि पुढे लिहिलं होतं, "ऐकू येत नाही."

मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "शिव्या मागनं द्या. आता बाय झोपलीय ना? घड्याळ घ्या नि तिच्याजवळ बसा. मी आत येत नाय, हितंच उभा हाय." त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. घड्याळ ते नेहमी मनगटाच्या आतल्या बाजूने बांधायचे, काच पार चरे पडलेली. "आवाज चालू हाय तवर भ्यायचं नाय, बाई. आवाज थांबला की उठायचं. आमी नोकरीभर येवडंच केलं."

मी बसले. बांगड्याची आमटी आणि भात जेवून ओवी घोरत पडली होती. रोज ऐकते तेच, नवीन काही नव्हतं. मला तर ते घोरणं ऐकून बरंच वाटायचं, की बरी झोपली आहे बाई एकदाची. पाच मिनिटं गेली. मग आवाज थांबला.

मी घड्याळाकडे बघितलं. तीन, चार. वाटलं, शांत झोपली. पण तिची छाती हलत होती. फासळ्यांच्या मधली कातडी आत खेचली जात होती, पोट वर येत होतं, आणि नाकातोंडातून काहीही आत जात नव्हतं. मी तिच्या ओठांसमोर हात धरला. हाताला काही लागलं नाही. सात, आठ. माझी मुलगी झोपेत श्वास घ्यायला धडपडत होती आणि तिला तो मिळत नव्हता. दहा, अकरा. मग बुडता बुडता वर आल्यासारखा मोठा हुंदका देऊन तिने श्वास घेतला, मान आणखी मागे टाकली आणि पुन्हा घोरू लागली.

सहा वर्षं ती माझ्या कुशीत झोपत होती. मी तिला रोज सकाळी आळशी म्हणत होते.

दाराशी आले तर ते तसेच उभे होते. "किती?" त्यांनी विचारलं.

"अकरा," मी म्हणाले आणि रडायलाच लागले. त्यांना रडणाऱ्या बाईपुढे काय करायचं ते माहीत नव्हतं. त्यांनी वहीत वेळ घातली आणि अकरा लिहिलं.

मग सगळं भराभर झालं. त्याच संध्याकाळी मी कोंबलेल्या गोधड्या काढल्या आणि ओवीचं अंथरूण परत पहिल्या जागी आणलं. मी मोबाईलवर तिच्या झोपेचं चित्रण केलं आणि चिपळूणला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ते दोनदा बघितलं. मग त्या वहीची पानं उलटली आणि विचारलं, "हे तुमच्या लक्षात कोणी आणून दिलं?"

"घरमालकांनी."

"डॉक्टर आहेत?"

"नाही. पॉवर हाऊसला होते."

डॉक्टर हसले नाहीत. टॉन्सिल आणि नाकामागची गाठ इतकी वाढली होती की झोपेत घसा सैल पडला की वाट बंद व्हायची. रात्रभर मेंदू तिला अर्धवट जागं करत होता, म्हणून दिवसा ती पेंगायची आणि चिडचिडायची. डोकेदुखी, अंथरूण, न वाढणारं वजन, सगळं त्याच एका दोरीत ओवलेलं. "घोरणारी मुलं गाढ झोपतात असं सगळ्यांनाच वाटतं," डॉक्टर म्हणाले. दिवाळीच्या सुट्टीत ऑपरेशन झालं.

घरी आणल्यावर पहिल्या रात्री ओवी तोंड मिटून झोपली. इतकी निःशब्द, की मी दहादा तिच्या नाकाशी बोट नेलं. सकाळी दार उघडलं तर घरमालक पडवीत खुर्चीवर ताठ बसलेले, अंगावर घोंगडी, हातात घड्याळ. रात्रभर बसले होते.

"काय झालं, काका?"

"आवाज नाय," ते म्हणाले. "म्हणून बसलो. आता तुमी उठलात, चार्ज दिला." आणि आत जाऊन झोपले.

महिन्याभरात ओवी वेगळीच पोर झाली. सकाळी आपण होऊन उठायची. वर्गात तिने पहिल्यांदा हात वर केला तेव्हा मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. त्यांची आणि तिची गट्टी जमली. ते तिला "काय गो, मशीन बंद पडलं काय तुजं?" म्हणून चिडवायचे आणि ती दांडा त्यांच्याच पोटाला लावून "आठ दिवस चालेल" म्हणायची. पण घरात आता आवाज उरला नव्हता. त्यांचा टेबलफॅन पुन्हा सुरू झाला. तेव्हा मला कळलं, की माझ्या मुलीचं घोरणं हा त्या माणसाला सोबतीचा आवाज होता, आणि तो बंद व्हावा म्हणून त्यानेच माझी कडी वाजवली होती.

अशाच एका रविवारी दुपारी ओवी गुपचूप झोपलेली, मी वह्या तपासत बसलेली. पडवीतून घोरण्याचा आवाज येत होता. काका आरामखुर्चीत झोपले होते. आजवर हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. दुपारी ओवीचा असायचा, रात्री फॅनचा. मी लाल पेन चालवत होते आणि आवाज थांबला.

पेन ठेवून मी मोजत पडवीत गेले. छाती हलत होती, श्वास नव्हता. वीस झाले, पंचवीस झाले. ओठ काळपट दिसायला लागले तशी मी त्यांचा खांदा हलवला. ते हुंदका देऊन जागे झाले.

"किती?" त्यांनी विचारलं. त्यांना लगेच कळलं होतं.

मी सांगितलं. त्यांनी बराच वेळ दांड्याच्या टोकावरून अंगठा फिरवला. "जगाचं ऐकलं," ते म्हणाले, "सोताचं कसं ऐकणार?"

मी त्यांना ओवीच्याच डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पुण्याला जाऊन एक रात्र झोपेची तपासणी करून घ्यायला सांगितलं, नाकाला लावायचं मशीन लागेल म्हणाले. परतीच्या एसटीत काका खूश होते. "आता मशीन माझं ऐकणार, बगा." पण पुण्याला जायचं म्हणजे मुलाकडे राहायचं, आणि मुलाला सांगायचं म्हणजे त्यांना संकोच. संक्रांतीनंतर जाऊ, शिमग्यानंतर जाऊ, असं चालत राहिलं. मी मुलाला फोन केला. तो सभ्यपणे म्हणाला, "अहो बाई, बाबा पहिल्यापासून घोरतात. गाढ झोप आहे त्यांची." मी फोन ठेवला. ते वाक्य माझंच होतं.

मग आमचं आम्हीच ठरवलं. मी माझं अंथरूण अगदी फळ्यांशी आणलं. त्यांनी खाट पलीकडून फळ्यांना लावली आणि फॅन बंद केला. शांततेत झोपायला ते म्हातारपणी शिकले. दांडा त्यांनी माझ्या हातात दिला. "घ्या. चार्ज घ्या." आवाज थांबला की मी दांड्याने फळीवर ठोकायचं. ते कूस बदलायचे आणि जागे झाले असतील तर पलीकडून एकदा ठोकायचे. रोज जमायचं असं नाही. मलाही झोप लागायची, सकाळी दचकून उठायचे आणि आधी त्यांच्या खोकल्याची वाट बघायचे. दीड वर्ष आम्ही असं काढलं. लोकांना सांगितलं असतं तर त्यांनी भलताच अर्थ काढला असता. पण खरं सांगते, त्या दीड वर्षात फोन ठेवल्यावरची शांतता मला तितकी खायला उठली नाही.

मग बदलीची ऑर्डर आली. हातखंब्याजवळची शाळा, सासरच्या गावाला लागून. मीच चार वर्षं मागत होते.

"बदली म्हंजे शिफ्ट," ते म्हणाले. "आज ना उद्या यायचीच."

सामान टेंपोत चढलं. मी दांडा परत द्यायला गेले तर त्यांनी हात मागे घेतला. "रिलीव्हर कोण हाय? मी कोणाकडं देऊ? ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं." ओवीने त्यांच्या पायाला मिठी मारली. मी पुण्याला जायचं वचन मागितलं, त्यांनी दिलं. टेंपो वळेपर्यंत ते पडवीत उभे होते. त्या दिवशी त्यांनी चार्ज घेतला असं म्हटलं नाही, आणि दिला असंही नाही.

नवीन भाडेकरू दोन तरुण मुलं होती, नोकरी करणारी. "चांगली पोरं हायत," ते फोनवर म्हणायचे. "कानात वायर घालून झोपतात. काय आवाज नाय." पुण्याचं विचारलं की गणपती झाले की, म्हणायचे.

गणपतीच्या आधीच मुलाचा फोन आला.

दिवसकार्याला मी आणि ओवी खेडला गेलो. पडवीत माणसं बसली होती, जिवंतपणी त्यांच्याकडे कधी न आलेली. शेजारी होते, दूधवालाही होता. सगळे एकच म्हणत होते. झोपेतच गेले, कोणाला त्रास नाही, स्वतःला त्रास नाही, भाग्य लागतं असं सुखाचं मरण यायला. मुलानेही माझ्याजवळ येऊन तेच सांगितलं. त्याचे डोळे सुजले होते. मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

ओवीला त्यांची खोली बघायची होती म्हणून आत गेले. खाट अजून फळ्यांना लावलेली होती. टेबलफॅन कोपऱ्यात, वायर गुंडाळून ठेवलेला. दोन भाडेकरूंपैकी एक जण दाराशी उभा होता. तो म्हणाला, "उकाड्यातही लावायचे नाहीत तो. आम्ही म्हटलं, लावा की आजोबा. तर म्हणायचे, नको, पलीकडं ऐकू यायचं नाय."

मी खाटेवर बसले. रिलीव्हर आल्याशिवाय मी खुर्ची सोडली होती, आणि त्या घरात जमलेल्या इतक्या माणसांत हे फक्त मला माहीत होतं.

दांडा परत करायला म्हणून पिशवीतून नेला होता. कोणाकडे द्यायचा ते कळेना, तसाच घेऊन आले.